लेन्सची टोपी माझ्या हातात होती

अण्णा, तुमचा कॅमेरा चालू झाला. हे आधी सांगते, कारण कुणी काही सांगायला लागलं की तुमचं ठरलेलं वाक्य असायचं, "काम झालं का ते आधी सांग, रडगाणं मागून." तर काम झालं. शटर पडतंय, रोल सरकतोय, आणि त्या पिवळ्या चौकोनात दिसणारी दोन माणसं पुन्हा एक होतात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि तुम्ही तो पेटीत ठेवून दिलात त्याला त्याहूनही सात-आठ वर्षं जास्त. ठेवून दिलात ते माझ्यामुळे. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की तुमची नजर अधू झाली म्हणून तुम्ही तो सोडलात, आणि मी तिला तसं वाटू दिलं. या वर्षी मात्र मी दोन गोष्टी ठरवल्या. हा कॅमेरा मीच चालवायचा, आणि लातूरजवळच्या मुरुडच्या त्या घरी जाऊन खरं काय झालं होतं ते सांगून यायचं. पहिली झाली. दुसरीचं सांगायला बसले आहे.

मुखेडच्या एसटी स्टँडसमोर आपला स्टुडिओ. त्यात स्टँडवर उभा केलेला मोठा कॅमेरा दुकानाचा, पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या जोड्यांसाठी. आणि हा, हैदराबादहून जुनाच आणलेला रेंजफाइंडर, खिडकीतली दोन चित्रं जुळवून नेम धरायचा छोटा कॅमेरा, तो तुमचा. डोक्यावर उंचवटा नाही, पुढे लांब नळी नाही. गिऱ्हाइकांना तो कॅमेरा वाटायचाच नाही. "दुसरा मोठा न्हाई का वो?" असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मोठा हाय, पर त्यो लई बोलतो. ह्यो गप ऱ्हातो." बी.एस्सी. होऊन बी.एड.ला नंबर लागेपर्यंत मी घरी होते, त्या वर्षी तुम्ही मला तो शिकवलात. शिकवलात म्हणजे हातात दिलात आणि माझ्या चुका काढत बसलात. बाजाराच्या दिवशी मिरच्या विकणाऱ्या एका बाईसमोर मला उभं केलंत. चौकोनात बाई दोन दिसत होत्या, एक स्पष्ट आणि एक तिच्या शेजारी सरकलेली, पुसट. तुम्ही मागून विचारलंत, "दोन दिसायल्यात का?" मी म्हटलं, हो. "मंग दाबू नको. एक हू दे." मी लेन्सची कडी फिरवत गेले आणि ती पुसट बाई हळूहळू सरकत येऊन खऱ्या बाईत मिसळली. इतकी वर्षं मी मुलांना प्रकाशाचा धडा शिकवते, दोन खिडक्या आणि मधला आरसा यांची आकृती काढून दाखवते, पण ती बाई एक होताना जे दिसलं ते फळ्यावर काढता येत नाही.

एकदा घाई करून मी दोन दिसत असतानाच बटण दाबलं आणि मुख्याध्यापकांचा फोटो हलल्यासारखा आला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. रोल काढून ठेवलात, रिकामा कॅमेरा हातात दिलात आणि दुपारभर मला दाराच्या कडीवर नेम धरायला बसवलंत. पुढं ये, मागं जा, दोनाचं एक कर. जाणारा-येणारा हसत होता. "काय वो, पोरगी कडीचा फोटो काढून राहिली का?" "हाव," तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "कडीचं लगीन जमलंय." मी इतकी चिडले की संध्याकाळी जेवले नाही, पण त्या दिवसानंतर माझा नेम चुकला नाही. आणखी एक गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. या कॅमेऱ्याच्या खिडकीत फोटोची चौकट दिसते आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. "फोटोत येनार न्हाई तेबी बगून ठिवावं. कोन आत शिरायलंय ते आदी कळतं." लेन्समागे उचलला जाणारा आरसा असतो त्या कॅमेऱ्यात नेमका फोटो निघतो तेवढा क्षण डोळ्यासमोर अंधार येतो. यात येत नाही. आपण बघत असतो, समोरचा बघत असतो, आणि तेवढ्यात काम झालेलं असतं.

पण यात एक खोड आहे. आपण बघतो खिडकीतून आणि फोटो निघतो लेन्समधून. लेन्सवर टोपी असली तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं, दोनाचं एक होतं, शटर वाजतं, आणि फिल्मवर काहीच येत नाही. म्हणून तुमची एक रीत होती. कामाला लागलात की टोपी काढायची आणि न बघता डावा हात मागे करायचा. मागे मी असायची. टोपी माझ्या तळहातावर पडायची आणि काम संपेपर्यंत माझ्याकडेच राहायची. दुसरा नियम उन्हाचा. लेन्स म्हणजे शेवटी भिंगच, उन्हात उघडी राहिली तर ऊन गोळा होऊन आतलं कापडी शटर जळतं. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी कॅमेरा कामातून गेला. हे तुम्ही मला इतक्या वेळा बजावलं होतंत की उघड्या लेन्सवर ऊन दिसलं की माझा हात आपोआप पुढे व्हायचा.

मुरुडचा तो दिवस आता सांगते. आपल्या गल्लीत राहणाऱ्या एका बाईचं माहेर मुरुडचं. तिची आई थकली होती, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. आपल्याकडे माणूस गेल्यावर भिंतीवर फोटो लागतोच. तो आधी काढून ठेवायची वेळ आली की तोंडाने कुणी म्हणत नाही, "जरा एकदा येऊन जा" एवढंच म्हणतात. आपण सकाळच्या गाडीने लातूरला आणि तिथून मुरुडला गेलो. घरात शिरल्या शिरल्या तुम्ही टोपी काढून मागे हात केलात, मी घेतली. आजींना इरकली लुगडं नेसवायला सुनेने त्यांना आत नेलं, त्या अर्धा तास बाहेर येईनात. तुम्ही घरधन्यासोबत चहा घेत बसलात आणि कॅमेरा अंगणातल्या बाकावर ठेवलात. ऊन सरकत सरकत बाकावर आलं. मी पुढे झाले, लेन्सवर टोपी लावली आणि आजींचं लुगडं कुठवर आलं ते बघायला आत गेले.

आजी आल्या. खुर्चीवर बसल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावताच म्हणाल्या, "एक डोळा झाकून बायामान्साकडं बगतोस व्हय रे?" सगळं अंगण हसलं. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "मावशी, तुमी दोन दोन दिसायल्यात. एक होऊस्तोवर थांबा." "एकीलाच सांभाळता येईना कुनाला," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते तुम्ही टिपलंत. आठ फोटो काढलेत. मी बाजूला उभी होते आणि आजींकडे बघत होते. लेन्सकडे माझं एकदाही लक्ष गेलं नाही. काम झाल्यावर तुम्ही कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घातलात तेव्हा टोपी होती जागेवर. काम संपल्यावर मीच लावली असेल, असं तुम्हाला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही रोल धुतलात. मागच्या खोलीत मी तुमच्या शेजारी होते. डब्यातून ओली फिल्म काढून तुम्ही ती खिडकीशी धरलीत. मुखेडच्या बाजारातल्या फ्रेम आल्या होत्या, बसस्टँडवरच्या आल्या होत्या, आणि मग आठ कोऱ्या, काचेसारख्या. त्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसत होतं. मला त्याच क्षणी सगळं कळलं. तुम्ही बराच वेळ फिल्म तशीच धरून उभे राहिलात आणि मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "टोपी ऱ्हायलती का गं माय?"

मी म्हणाले, "मला काय माहीत."

तुम्ही एकदा वळून बघितलंत. मग फिल्म चिमट्याला अडकवलीत आणि म्हणालात, "ऱ्हायली असंल." बस, एवढंच. पुन्हा जाऊन फोटो काढायचं ठरलं, पण आजी तीन आठवड्यांत गेल्या. तेराव्याला तुम्ही एकटेच मुरुडला गेलात. मला पोटात दुखतंय म्हणून मी घरी राहिले, आणि खरंच दुखत होतं. परत आल्यावर आईला म्हणालात, "माझी चूक. एका घराची भिंत मोकळी ऱ्हायली." आईने धरलं, नजर अधू झाली म्हणून चूक झाली. त्या आठवड्यात कॅमेरा आईच्या जुन्या पातळात गुंडाळून पेटीत गेला. पुढे माझ्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर ती पेटीही माझ्याकडे पाठवलीत. मला वाटलं, नजरेसमोर नको म्हणून. मी ती माळ्यावर टाकली आणि तिच्याकडे बघितलंही नाही.

लातूरला, माझ्या सासरच्या गावी, कशाचेही मार्क पडतात, आणि ज्याला मार्क नाहीत ती गोष्ट करणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात. या वर्षी मी पेटी उघडली तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, मोबाइलमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हे कशाला?" मी त्याला म्हटलं, तुझ्या मोबाइलमध्ये बारा हजार फोटो आहेत, त्यातला तुझ्या आईचा शेवटचा फोटो दाखव. तो शोधत राहिला, तेवढ्यात तास झाला. मी त्याला खिजवलं असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण माझं म्हणणं मला पक्कं माहीत आहे. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये प्रत्येक वेळी बोट थांबतं. समोरचा माणूस दोनाचा एक होईपर्यंत त्याच्याकडे बघावंच लागतं. आजकाल कुणी कुणाकडे तेवढा वेळ बघत नाही, मीसुद्धा नाही. आणि हा कॅमेरा तोंडासमोर धरला तरी माझा एक डोळा, अर्धं तोंड समोरच्याला दिसत असतं. तो माझ्या हसण्यावर हसू शकतो.

शटर अडकलं होतं आणि चौकोनातली दोन चित्रं एकमेकांच्या वर-खाली झाली होती. लातूरमध्ये कुणी हात लावेना. शेवटी नांदेडच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे घेऊन गेले. त्यांनी डोळ्याला काच लावून आत बघितलं आणि म्हणाले, "बिघाड काई न्हाई हो म्याडम. बसून बसून अकडला बिचारा. मान्साचं बी असंच होतंय." आठवड्याने गेले तेव्हा त्यांनी मला गच्चीवर नेलं, लांबच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा रोखायला लावला, आणि मी "अजून दोन आहेत, अजून दोन आहेत" म्हणत असताना ते बारीक स्क्रू केसभर केसभर फिरवत राहिले. टाकी एक झाली. मी ओरडलेच. ते म्हणाले, "आता पुन्ना पेटीत घालू नका. घातला तर माझ्याकडं आणू नका."

रोल पुण्याहून मागवते, धुते घरीच, न्हाणीघरात. लातूरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. नळ सोडून फिल्म धुण्याची चैन इथे नाही. डबा भरायचा, हलवायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. पाचव्यांदा पाणी स्वच्छ येतं. पहिले तीन रोल वाया गेले. एकात फिल्म चिकटली, एकात औषध जुनं निघालं, एकाचं झाकण मीच उजेडात उघडलं. घरचे म्हणाले, पुरे आता. मी चौथा मागवला.

तो चौथा रोल घालून गच्चीवर गेले. समोरच्या घराच्या कठड्यावर एक बाई पापड वाळत घालत होती. मी टोपी काढली आणि माझा डावा हात न बघता मागे गेला. तुमची रीत माझ्या अंगात कधी शिरली मला कळलंच नव्हतं. मागे कुणीच नव्हतं. टोपी हातात धरून मी तशीच उभी राहिले, कारण तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं. टोपी "ऱ्हायली असंल" म्हणालात, पण ती राहणार कशी? मुरुडला घरात शिरतानाच तुम्ही ती माझ्या हातात दिली होतीत. टोपी तुमच्याजवळ नव्हतीच. तुम्हाला हे कळायला खिडकीशी फिल्म धरून उभे राहिलात तेवढा वेळ पुरेसा होता. म्हणजे तुम्ही मला विचारलंत ते माहीत असूनच, आणि मी खोटं बोलले तेही तुम्हाला माहीत होतं. अण्णा, आधी मला तुमचा रागच आला. कडीवर नेम धरायला बसवणारा माणूस एवढ्या मोठ्या चुकीला गप्प कसा बसला? तुम्ही एक थप्पड मारली असतीत तरी चाललं असतं.

पुढच्या रविवारी मी मुरुडची एसटी पकडली.

घर तेच, अंगणात फरशी आली आहे. आजींच्या सूनबाई, त्या वेळी ज्यांनी लुगडं नेसवलं होतं त्या काकू, आता ऐंशीला टेकल्यात. सुपात तूर निवडत बसल्या होत्या. "कोन गं?" मी म्हटलं, मुखेडच्या फोटोवाल्यांची मुलगी. "हाव का? बस." आतल्या भिंतीवर त्यांच्या सासऱ्यांचा फोटो होता, नवऱ्याचा होता, आणि दोघांच्या मधल्या खिळ्याला कॅलेंडर. मी पाणीही न घेता बोलले. "काकू, त्या दिवशी टोपी मी लावली होती. अण्णांची चूक नव्हती. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

काकूंचा हात सुपात थांबला नाही. "ठाऊक हाय," म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. मी विचारलं, कुणी सांगितलं?

"तुज्या बापानं. तेराव्याला आलता न्हवं. सगळ्यांफुडं म्हनला, चूक माझी. मंग जाताना मला एकलीला म्हनला, वैनी, टोपी माझ्या लेकीच्या हातून लागली. उनात कॅमेरा ठिवला म्या, अन् तिनं झाकला. म्या शिकिवलं तसंच केलं तिनं, तिला काय बोलू? इचारलं तर मला काय माहीत म्हनली. भ्यालीय. पर एक ना एक दिस सोताहून येईल सांगाया. आली तर रागावू नका." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्या दोन-चार सालं वाट बगितली. मंग म्हनलं, न्हाई येत. लई उशीर केलीस बाई."

मी तिथे रडले. हुंदके देऊन रडले, पन्नाशीची बाई, परक्या घराच्या ओसरीवर. काकूंनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "पुरं आता. तुर भिजंल." मी पिशवीतून कॅमेरा काढला, तो त्यांनी ओळखला. मी विचारलं, तुमचा फोटो काढू का? सासूबाईंचा तर आता येणार नाही. त्या उठल्या, आत जाऊन इरकली लुगडं नेसून आल्या. तेच, सासूचं, त्या दिवशीचं. "काढ. पर माज्या पोराला म्हनावं, आताच खिळ्याला लावू नको. म्या जित्ती हाय अजून." खुर्चीवर बसल्या, पदर घेतला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दोन काकू दिसत होत्या. मी कडी फिरवत राहिले, घाई केली नाही, आणि त्या मला म्हणाल्या, "तूबी बापावानी एक डोळा झाकतीस गं." तेव्हा दाबलं. आठच काढले.

आज सकाळी रोल धुतला, पाच पाण्यांनी. फिल्म खिडकीशी धरली. आठही आल्यात, अण्णा. दुसऱ्या फ्रेममध्ये काकूंच्या मागे उघड्या दारातून आतला खिळा आणि कॅलेंडरचा कोपराही आलाय. तो मला चौकटीत घ्यायचाच होता. पेटी माझ्याकडे का पाठवलीत तेही आता कळलं, मी एक ना एक दिवस ती उघडेन म्हणून. हे पत्र घडी करून कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. रविवारी फोटो घेऊन मुरुडला जायचंय, आणि पुढच्या महिन्यात मुखेडच्या बाजाराला. कॅमेरा आता पेटीत जाणार नाही.

एक सांगायचं राहिलं. मुरुडला जाताना टोपी मी मुद्दाम घरी ठेवून गेले होते. धीरच झाला नाही. येताना कॅमेरा गळ्यातच होता, स्टँडवर ऊन लागलं तेव्हा लेन्सवर तळहात धरला, तो घर येईपर्यंत काढला नाही.